फोटोखालच्या तीन ओळी

आमच्याकडं सप्टेंबर संपत आला की पत्रकारांना त्र्याण्णवचा भूकंप आठवतो. एरवी अकरा महिने त्या गावांकडं कुत्रं फिरकत नाही. रस्ता उखडला, नळ कोरडा पडला, पुनर्वसनाच्या घरांना तडे गेले, कुणी विचारत नाही. पण गणपती बसले की संपादकांचे फोन सुरू. भूकंपाचं काहीतरी द्या, वेगळं द्या, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे असं द्या. मीही आयुष्यभर तेच दिलं. त्यामुळं आता इतरांना नावं ठेवायचा मला काडीचा अधिकार नाही. तरी ठेवतोय, कारण स्वतःला ठेवायची सुरुवात कुठून तरी करावी लागते.

मी मूळचा नांदेडचा. कॉलेज संपल्यावर लातूरला एका दैनिकात वार्ताहर म्हणून चिकटलो आणि चार महिन्यांत भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटपून माणसं दमून झोपली होती. सकाळी ऑफिसचा कॅमेरा गळ्यात अडकवून मी एका जीपला लोंबकळत औशाच्या पुढं पोचलो. तिथं काय बघितलं ते इथं लिहीत नाही. ते लिहून लिहून मी पुष्कळ पोट भरलं, आता पुरे झालं.

तिसऱ्या दिवशी संपादकांनी मला बोलावलं. म्हणाले, "रोज मेलेल्यांचंच छापायलोय आपण. लोक पेपर उघडायला भ्यायलेत. एखादी जगलेली बातमी आण की!" माझ्याकडं तेव्हा एक फोटो होता. फेट्यातला एक माणूस, तोंडावर मातीचा थर, आणि त्यानं छातीशी गच्च धरलेली आठ-नऊ वर्षांची पोर. गणपतीला घेतलेला नवा फ्रॉक तिच्या अंगात होता. तो माणूस तिचा मामा होता. दोन गावं पलीकडून चालत आला होता आणि बहिणीचं घर हातानं उकरत होता. बहीण गेली, मेहुणा गेला, दोन भाचे गेले. दाराच्या चौकटीखाली ही एकटी राहिली होती. हे सगळं त्यानं स्वतः मला सांगितलं आणि मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. वहीत खरं होतं, हे मला अजून आठवतं.

लातूरला ऑफिसात टेबलावर बसून मी फोटोखाली तीन ओळी लिहिल्या. गणपतीसाठी आत्याकडं आलेली चिमुरडी ढिगाऱ्याखालून सुखरूप निघाली. दुसऱ्या गावाहून धावत आलेल्या बापाला लेक सापडली. घरी आई वाट बघतेय.

झालं. मामाचा बाप केला, मेलेली आई जिवंत करून उंबऱ्यात उभी केली आणि पोरीला तिच्याच घरात पाहुणी करून टाकलं. का केलं? तीन दिवस झोप नव्हती, हे एक. बावीस वर्षांचा होतो, हे दुसरं. आणि हुशार होतो, हे तिसरं आणि खरं. मला कळलं होतं की मामानं भाची उकरून काढली, एवढ्यानं संपादकांचं भागणार नाही. कुणीतरी घरी परत जायला पाहिजे होतं. त्या गावात परत जायला घरच नव्हतं, म्हणून मी ते लिहिलं.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. फोटो पहिल्या पानावर, माझ्या नावानिशी. पुढं त्याचं कात्रण चौकटीत घालून घेतलं, ते प्रत्येक ऑफिसात माझ्या मागच्या भिंतीवर लटकलं. व्याख्यानं मिळाली, बढती मिळाली. आणि हेही सांगतो. महिनाभरानं तो मामा कात्रण घेऊन ऑफिसात आला होता. मी त्याला काचेतून बघितलं आणि मागच्या दारानं चहाला निघून गेलो. त्यानं शिपायाजवळ निरोप ठेवला, "साहेबास्नी म्हणावं, मी मामा हाय. बाप गेला तिचा. तेवढं दुरुस्त करा." शिपायानं निरोप नीट दिला. दुरुस्ती छापायला दोन ओळी लागल्या असत्या. त्या मी छापल्या नाहीत.

मग वर्षं गेली. लातूरचं नांदेड झालं, दैनिक बदललं, मग दैनिकांनाच आमच्यासारखे जुने नकोसे झाले. एके दिवशी गोड बोलून घरी पाठवलं. मी न्यूज पोर्टल काढलं, फेसबुक पेज काढलं. आमच्या भागात असल्या पोर्टलला एकच मायबाप, कोचिंग क्लास. लातूर काय आणि नांदेड काय, चौकाचौकांत डॉक्टर होणाऱ्या लेकरांचे फोटो. धर्माबादपासून हिमायतनगरपर्यंतचे आईबाप पोरं आणून इथल्या खोल्यांत कोंबायचे. निकालाच्या दिवशी एकच पोरगा तीन-तीन क्लासच्या जाहिरातीत हसताना दिसायचा. तिन्ही जाहिराती माझ्याच पोर्टलवर असायच्या आणि मी एकालाही विचारायचो नाही की बाबा, हा नेमका कुणाचा.

वरून नांदेडच्या एका कॉलेजात मी आठवड्याला एक तास पत्रकारिता शिकवायचो. विषय, ऑनलाइन साधनं वापरून बातमीची खातरजमा. हसू येतंय ना? मलाही येतं. पण खरं सांगतो, मी चांगलं शिकवायचो. व्हायरल फोटो दिसला की तो पहिल्यांदा कधी, कुठं आला ते शोधा. जुन्या पोस्ट चाळा. सरकारी संकेतस्थळावरच्या याद्या उतरवून ठेवा. आणि लक्षात ठेवा, मागाहून सांगितलेल्या आठवणीपेक्षा त्या दिवशी छापलेलं कात्रण जास्त भरवशाचं. माणूस विसरतो, बनवतो, छापलेलं बदलत नाही. मुलं हे वहीत उतरवून घ्यायची.

त्या सप्टेंबरात पेज मरगळलं होतं. मी भिंतीवरचं कात्रण काढलं, मोबाइलनं त्याचा फोटो घेतला आणि वर लिहिलं, 'भूकंपातले हे बापलेक आज कुठं आहेत? शेअर करा, आपण मिळून शोधून काढू.' बायको शेजारी भाजी निवडत होती. तिनं स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाली, "जुनी मढी कशाला उकरून राहिले तुम्ही?" तिला त्या तीन ओळींचं ठाऊक नव्हतं. तिनं आपलं सहज म्हटलं. मी म्हणालो, "तुला त्यातलं काय कळतं?"

सकाळी टाकलेली पोस्ट दुपारपर्यंत कुठल्या कुठं गेली. तीनच्या सुमाराला औसा तालुक्यातल्या एकानं लिहिलं, 'अहो, ह्या तर आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर!' मग रीघच लागली. आमच्या पोरीचं बाळंतपण यांनीच केलं. कोरोनात रात्रंदिवस राबल्या. देवमाणूस. हात जोडलेले, डोळे भरलेले, लाल बदाम, सगळं. मी सारखा फोन उघडून बघत होतो. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटत होतं.

संध्याकाळी चहा पीत होतो तेव्हा तिचा फोन आला.

"मी फोटोतली बोलायलेय, दादा. तो फोटो काढून टाका."

"का हो बाई? लोक किती कौतुक करायलेत बघा की!"

"कौतुक राहू द्या. मामाला माझा बाप केलाव तुम्ही त्यात. बाप माझा त्याच घरात गेला. तुमास्नी ठावं हाय की."

मग ती शांतपणे, एखाद्या पेशंटला गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावून सांगावं तसं सांगत गेली. भूकंपात ज्यांचं घर गेलं त्या कुटुंबातल्या एकाला सरकारी भरतीत राखीव जागा मिळते, त्याचा दाखला असतो. तिची नोकरी त्या दाखल्यावर होती. दाखल्यावर खऱ्या बापाचं नाव. पण मामानं तिला आपल्या गावी नेऊन शाळेत घातलं, तेव्हा हेडमास्तरांनी बापाचं नाव विचारलं आणि मामा म्हणाला, "माझंच लिवा. आता मीच हाय तिचा." दहावीपर्यंत तेच नाव राहिलं. पुढं नोकरीच्या वेळेला मामाच्या जबाबावर तिनं ते बदलून घेतलं होतं. आता मामाही नव्हता.

"शाळेतलं नाव नि तुमचा फोटो कुणी शेजारी ठेवला, तर मीच खोटी पडते. बाप जित्ता आन् मी पाव्हणी, म्हंजी आमचं घर पडलंच न्हाई, असंच होतंय ना त्याचं? मालक वारले माझे. पोरगी लातूरला क्लासला हाय, बारावीचं वरीस हाय तिचं. माझी नोकरी गेली तर आमचं काय उरत न्हाई. पाया पडते, दादा."

"उद्या काढतो," मी म्हणालो.

"आत्ता न्हाई निघत?"

"लगेच नाही निघत ते. प्रोसेस असते त्याची."

प्रोसेस! एक बटण दाबायचं असतं. पण पोस्ट अजून चढत होती आणि लातूरच्या एका क्लासवाल्याचा तासाभरापूर्वीच फोन येऊन गेला होता. त्याला आपली जाहिरात त्या पोस्टच्या खाली हवी होती. मी मनाशी म्हटलं, एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय. दुसऱ्या दिवशी दुपारी काढली. तोवर दहा-बारा पेजवाल्यांनी फोटो उचलून त्यावर आपापले शिक्के मारले होते.

पुढचा तास कॉलेजवर होता. मुलांना मी काम दिलं होतं, आठवड्यातली एक व्हायरल पोस्ट घ्या आणि तिची खातरजमा करून दाखवा. वर्गात हिमायतनगरकडची एक मुलगी होती. कमी बोलायची, पण कामात वाघीण. तिचा मोठा भाऊ भरतीच्या परीक्षा देऊन देऊन थकला होता, दोनदा अगदी काठावर येऊन राहिला होता, हे तिनं एकदा मला सांगितलं होतं. ती उठली, लॅपटॉप जोडला आणि पडद्यावर माझंच कात्रण आलं.

"सरांची पोस्ट घेतली, कारण मूळ स्रोत आपल्यासमोरच आहेत," ती म्हणाली. वर्ग हसला. मीही हसलो.

मग तिनं दुसरा कागद दाखवला. सिस्टरच्या दहावीच्या बॅचचं मागं गेट-टुगेदर झालं होतं. कुण्या हौशी वर्गमित्रानं शाळेच्या जुन्या हजेरीचं पान फेसबुकवर टाकलं होतं, त्यात तिच्या नावापुढं मामाचं नाव बापाच्या जागी. तिसरा कागद भरतीची निवड यादी, संकेतस्थळावरून उतरवलेली. त्यात भूकंपग्रस्तांच्या राखीव जागेवर तीच, पण बापाचं नाव वेगळं. तिन्ही कागद शेजारी शेजारी लावून ती म्हणाली, "त्या दिवशी छापलेलं कात्रण सांगतं की ती पाहुणी होती आणि वडील दुसऱ्या गावचे, हयात. शाळा सांगते की वडील हेच. मग निवड यादीतले वडील कोण? म्हणजे दाखला बोगस आहे."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. इतकं नीट काम माझ्या हाताखाली कुणी केलं नव्हतं. त्याच क्षणी उठून सांगायला पाहिजे होतं की बाई गं, तुझे बाकीचे दोन कागद खरे आहेत आणि पहिला मी टेबलावर बसून रचलाय. तीस पोरं माझ्याकडं बघत होती.

"छान केलंत," मी म्हणालो. "पण लगेच कुठं टाकू नका."

"सर, कालच टाकलं. तुम्हीच म्हणता ना, बातमी शिळी होऊ देऊ नका?" मग तिचा चेहरा जरा उतरला. "काही चुकलंय का, सर?"

"नाही," मी म्हणालो. "चुकलं काही नाही."

आयुष्यात खोटं पुष्कळ बोललो. पण वर्गात उभं राहून बोललेलं ते वाक्य अजून टोचतं.

लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांमध्ये हजारो पोरं भरतीची वाट बघत बसलेली असतात. कुणाची जागा कुणी लाटली, हे शोधायला त्यांना वेळही असतो आणि रागही, आणि राग खोटा नसतो. बोगस दाखले आमच्याकडं खरोखरच निघालेले आहेत. त्यामुळं त्या पोरांना मी दोष देत नाही. विद्यार्थिनीची पोस्ट एका ग्रुपमधून दुसऱ्यात गेली आणि दोन दिवसांत 'बोगस सिस्टर' हेच फोटोतल्या बाईचं नाव पडलं. ज्यानं 'देवमाणूस' लिहिलं होतं त्याच गावकऱ्यानं लिहिलं, 'आम्हाला आधीपासूनच शंका होती.' च्यायला, कसली शंका होती तुला? तुझ्या पोरीचं बाळंतपण केलं तेव्हा होती का?

तक्रार गेली, चौकशी लागली. सिस्टरचा मला परत एकच फोन आला. ना शिवी, ना रडणं. "दादा, आता खरं काय ते सांगा. एवढं करा."

मी आठ दिवस घेतले. लगेच बोललो असतो तर काय झालं असतं सांगता येत नाही, पण आठ दिवस घेतले. कॉलेजचा तास जाईल, पोर्टल जाईल, इतक्या वर्षांचं नाव जाईल. हेच घोळवत बसलो. बायकोला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तो मामा ऑफिसात आला होता म्हणता, आन् तुम्ही चहाला गेलात?" एवढंच. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही, पण त्या दिवसापासून माझ्या बातम्या वाचायचं तिनं सोडलं.

शेवटी पेजवर सगळं लिहिलं. तो बाप नव्हता, मामा होता. ओळी मी रचल्या होत्या. फोटोतल्या मुलीचा काही दोष नाही. माझ्या आधीच्या पोस्टला जत्रा लोटली होती, या पोस्टला मोजून पाच-पन्नास माणसं आली आणि त्यांतल्या निम्म्यांनी एकच विचारलं, 'किती घेतले, साहेब?' दुसऱ्या दिवशी ती विद्यार्थिनी मला स्टाफरूमबाहेर भेटली. खरोखर काळजीनं विचारत होती.

"सर, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"नाही. मी खोटं छापलं होतं."

"त्याला पुरावा काय, सर? तेव्हाची वही?"

वही ऑफिस हलवताना रद्दीत गेली होती. "ती आता नाही," मी म्हणालो.

"मग मी दुरुस्ती कशाच्या आधारावर टाकू?" तिचे डोळे भरून आले होते. "नुसतं तुम्ही आता म्हणता म्हणून? तुम्हीच तर…" ती थांबली. मोठी सभ्य मुलगी, पुढचं बोलली नाही.

मी शपथपत्र केलं आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं लातूरला गेलो. चौकशी करणारे साहेब सज्जन होते. चहा मागवला, शपथपत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही म्हणताय, तेव्हा खोटं लिहिलं. बरं. मग आज खरं लिहिताय, हे मी कशावरून धरू?" मृतांच्या यादीत सिस्टरच्या बापाचं नाव होतं, पण तो हिचा बाप हे सांगणारा त्या काळातला कागद नव्हता. जन्म घरी झालेला, त्याची नोंद नाही. तिच्या पहिल्या शाळेची इमारत गावासोबतच बसलेली. गावातले चार म्हातारे येऊन सांगून गेले, ते साहेबांनी लिहून घेतलं आणि पुढं शेरा मारला, गावकरी एकमेकांना धरून बोलतात. "त्या काळातलं काहीतरी आणा," ते म्हणाले. "तुमच्या कात्रणाला तोडीस तोड असं."

सिस्टर बाहेर बाकावर बसली होती. एवढ्या वर्षांनी मी तिला समोर बघत होतो आणि ओळख पटण्यासारखं माझ्याकडं काहीच नव्हतं. केस पांढरे व्हायला लागलेली, साधी, थकलेली बाई. मी साहेबांचं म्हणणं सांगितलं. तिनं विचार केला आणि म्हणाली, "दादा, त्या दिवशी तुम्ही एकच फोटो काढलाव का?"

एकच नव्हता. अख्खा रोल होता. निगेटिव्ह माझ्याकडं पत्र्याच्या डब्यात होत्या, त्या कधी छापल्या नव्हत्या आणि छापण्याजोग्याही नव्हत्या. नांदेडला येऊन त्या स्कॅन करून घेतल्या आणि शेवटच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी लॅपटॉप घेऊन पुन्हा लातूर गाठलं. तिच्या पोरीच्या खोलीवर बसलो. पोरगी क्लासला गेली होती. भिंतीवर तिनं सूत्रं लिहिलेले कागद चिकटवले होते, कॉटखाली पुस्तकांची थप्पी होती, खिडकीतून समोरच्या क्लासच्या माइकचा आवाज येत होता.

एका फोटोत चावडीपुढं माणसं ओळीनं निजवलेली होती. अंगावर चादरी, तोंडं उघडी. नातेवाइकांना ओळखता यावं म्हणून. मी म्हणालो, "बाई, नको बघू." ती म्हणाली, "मी सिस्टर हाय, दादा. मोठं करा ते."

मी एकेक चेहरा मोठा करत गेलो. ती जवळ सरकून बघत होती. "ह्यो… न्हाई." पुढचा. "ह्यो असंल." परत मागचा. "थांबा जरा." असं दोनदा झालं, तीनदा झालं. मग ती मागं सरकून बसली आणि पदरानं तोंड पुसलं.

"मला बापाचं तोंड आठवंना, दादा," ती म्हणाली. "मामाचंच येतंय डोळ्यापुढं."

खाली क्लास सुटला होता, पोरांचा गलका ऐकू येत होता. तिनं पुन्हा लॅपटॉपजवळ येऊन डावीकडून तिसऱ्या माणसावर बोट ठेवलं.

"ह्यो धरा."

"खात्री आहे?"

"न्हाई." तिनं सरळ माझ्याकडं बघितलं. "खाली लिहून द्या तुम्ही. ह्यो हिचा बाप, ह्याच गावचा, त्या दिवशी मीच फोटो काढला, नाव बी तवाच इचारलं. तीन वळी लिवा, त्या वक्ताला लिवल्या तशा. तुमचं लिवल्यालं मानतेत ते."

उद्या सकाळी सुनावणी होती. कागद टेबलावर होता, पेन माझ्या खिशात होतं. त्या ओळीतल्या कुणा ना कुणाचा बाप तो असणारच होता. कदाचित तिचाच. मी लिहून दिलं असतं तर साहेबांनी मानलं असतं की नाही, देव जाणे. पण लिहिता येत होतं, आणि मला असलं लिहिता येतं हे आम्हा दोघांना चांगलंच ठाऊक होतं.

"बाई," मी म्हणालो, "आता माझ्याच्यानं खोटं लिहवणार नाही."

ते तत्त्व होतं की भीती, मला आजही सांगता येत नाही. एक शपथपत्र दिलेलं होतं. दुसरं खोटं निघालं असतं तर मी आत गेलो असतो, हेही त्या घटकेला डोक्यात होतंच.

ती माझ्याकडं बघत राहिली. राग नव्हता त्यात, नवल होतं.

"आता व्हय, दादा?" ती म्हणाली.

मग उठली, पोरीसाठी आणलेला डबा झाकून ठेवला आणि मला पाणी दिलं. मी ते प्यालो आणि निघालो.

संक्रांतीच्या आसपास तिला नोकरीतून कमी केल्याचा आदेश निघाला. पोरीनं परीक्षेच्या तोंडावर क्लास सोडला, खोली रिकामी केली, असं एका ग्रुपवर वाचलं. ते खरं की खोटं, हे एका फोनवर कळलं असतं. तिचा नंबर माझ्याकडं आहे. लावायची हिंमत झालेली नाही.